गोंद्याचे गुरुजी

इंगळे गुरुजींशी माझी ओळख झाली ती भांडणातून, आणि पुढची सगळी वर्षं आम्ही दोघांनी ते भांडण मोठ्या गोडीनं चालू ठेवलं. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी मेहकरची, नोकरीत नवी, आणि पहिलीच नेमणूक अमडापूरच्या पलीकडच्या एका खेड्यात. मोटारीनं मला फाट्यावर उतरवलं आणि ती धुरळा उडवत निघून गेली. ऊन मी म्हणत होतं. ट्रंक, वळकटी आणि मी. समोरून धोतर, काळा कोट, टोपी अशा थाटात एक आडदांड माणूस आला, माझ्याकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं आणि दुरूनच ओरडला, "मास्तर मागतला होता म्या! हे कोन पाठवलं?"

मी काय कमी होते? म्हटलं, "मास्तर संपले होते. नको असेल तर मोटार परत येईपर्यंत इथंच बसते."

"बसा मंग," असं म्हणून ते स्वतःच शेजारच्या दगडावर बसले. कोटाच्या खिशातून मूठभर फुटाणे काढून माझ्यापुढे धरले. "खा. मोटार दिवस बुडल्यावर येते. तवर उपाशी मरान." आम्ही दोघं तिथं बसून मुकाट्यानं फुटाणे खाल्ले. मग ते उठले, माझी ट्रंक डोक्यावर घेतली आणि चालू लागले. मी वळकटी उचलून मागोमाग. गावात शिरताना लोक पाहत होते, हेडमास्तर डोक्यावर बाईची ट्रंक घेऊन येताहेत. एकानं विचारलं, "काऊन गुरुजी, हमाली सुरू केली काय?" तर म्हणाले, "हाव. तुहीबी बायको माहेराहून येईन तं सांगजो."

असा माणूस. हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. कानगोष्ट सांगायला लागले तरी शेजारच्या घरातून उत्तर यायचं. छडी हातात सदा, पण मुलाच्या अंगाला लागली असं मी कधी पाहिलं नाही. ती बसायची भिंतीवर, फळ्यावर, स्वतःच्या पोटरीवर. चौथीच्या वर्गाच्या भिंतीचे पोपडे त्या छडीनंच गेले होते. घरची जमीन बरी होती, ती भाऊ पाहायचा. दोन मुली लग्न होऊन गेलेल्या, मुलगा अकोल्याला कारकून. घरी गुरुजी आणि काकू दोघंच. काकू त्यांच्यापेक्षा अर्ध्या उंचीच्या आणि जिभेनं दुप्पट.

"मले नोको शिकवू," हे त्यांचं पालुपद. सरपंचांना, तपासणीला आलेल्या साहेबाला, काकूंना, मला, सगळ्यांना हेच. आणि स्वतः मात्र दिसेल त्याला शिकवत सुटायचे. त्यांचा एक ठाम समज होता की शिकवलं तर जगात काहीही येतं. आलं नाही तर शिकवणाऱ्याचं चुकलं. या समजापायी त्यांनी माझं डोकं किती खाल्लं ते मलाच माहीत.

पण खोटं कशाला बोलू, मी तो समज खरा होताना पाहिलाय. धुरपती नावाची एक पोर होती. घराचं आढं कोसळून तिचा बाप गेला होता. तेव्हापासून ती छपराखाली जायला तयार नसे. आई ओढून आणायची, ही शाळेच्या दारात बसकण मारून किंचाळायची. मी हात टेकले. गुरुजींनी दुसऱ्या दिवसापासून तिचा अख्खा वर्ग लिंबाखाली नेला. आणि रोज सकाळी मुलं यायच्या आधी स्वतः जाऊन तरटाची पट्टी वीतभर शाळेकडे सरकवायचे. कुणाला कळू न देता. पट्टी आधी लिंबाच्या सावलीतून बाहेर आली, मग पायरीशी आली, मग उंबऱ्याला टेकली. हिवाळा संपला तेव्हा धुरपती वर्गात मधोमध बसून पाढे म्हणत होती आणि आपण छपराखाली आहोत हे तिच्या ध्यानातही नव्हतं. मी गुरुजींना म्हटलं, "जिंकलात." ते खेकसले, "त्यात जिंकाचं काय? पट्टी सरकवाले ताकद लागते काय?"

मग गावात लाईट आली. खांब उभे राहिले तेव्हा बायकांनी खांबांना कुंकू लावलं, सरपंच भगवंतरावांनी नारळ फोडला. गावातले वानर पूर्वापार शाळेजवळच्या चिंचेवरून घरांच्या माळवदांवर उड्या मारत चावडीच्या पिंपळावर जायचे. आता मध्ये तार आली. त्यांना वाटलं, बरी फांदी आली हाताशी.

शाळा भरलेली होती. मोठा आवाज झाला, आणि एक वानरीण अंगणात पडली, आमच्या डोळ्यांसमोर. पोरं ओरडायला लागली. वास सुटला होता, तो सांगत नाही. तिच्या पोटाशी पिल्लू होतं, काळं, ओल्या चिंधीएवढं, आणि ते जिवंत होतं. तिच्या छातीचे केस मुठीत धरून चोखत होतं.

गाव जमला. पुरुषांनी टोप्या काढल्या. म्हाताऱ्यांनी हळदीकुंकू आणलं. आमच्या भागात वानर मेला म्हणजे मारोती गेला. त्याला तिरडी, गुलाल, भजन, सगळं माणसासारखं. कुणी बांबू आणायला पळालं, कुणी टाळ आणायला. पिल्लू चोखतच होतं आणि त्याला सगळे हात जोडून नमस्कार करत होते.

गुरुजी गर्दीतून आत शिरले. गुडघ्यावर बसले आणि त्या पिल्लाची बोटं एकेक करून सोडवायला लागले. एक सोडवावं तर दुसरं धरे. शेवटी सुटलं तेव्हा त्यानं जी किंकाळी फोडली, ती ऐकून मी तोंड फिरवलं. गुरुजींनी ते कोटाच्या आत घातलं आणि गावावर ओरडले, "हात काय जोडून राह्यले बे? कोनाच्या घरी शेळी व्याली हाये ते सांगा!"

वानरिणीची मिरवणूक वाजतगाजत गेली. त्या वेळी गुरुजी शाळेच्या ओसरीत मांडी घालून कापसाच्या बोळ्यानं त्याला शेळीचं दूध पाजत होते. निम्मं दूध धोतरावर.

लोक म्हणाले, बजरंग नाव ठेवा. गुरुजी म्हणाले, "देवाचं नाव ठेवलं तं लोक त्याच्यापुढं नारळ फोडतीन. लेकराचं नाव ठेवतो." म्हणून गोविंदा, आणि त्याचा दोन दिवसांत गोंद्या. काकू आठवडाभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत. घरात वांदर आणून ठेवलं, सोवळं-ओवळं काही राहिलं नाही, असं मला येऊन सांगत. मग एक दिवस गेले तर गोंद्या काकूंच्या मांडीवर, आणि काकू त्याच्या कमरेला काळा करगोटा बांधताहेत. मी हसले. काकू चिडल्या. "हसतं काय वं बाई? उघडं लेकरू घरात फिरून राह्यलं, करगोटाही नाई त्याच्या कमरेले. लोक काय म्हनतीन?" 

गोंद्या वाढला. रंग राखाडी झाला, तोंड काळंभोर. गुरुजींच्या खांद्यावर बसून शाळेत यायचा, शेपूट कोटावर लोंबती. हजेरी घेताना गुरुजी त्याचंही नाव घ्यायचे आणि पोरं एका सुरात "हाजर!" ओरडायची. भाकरी, गूळ, शेंगदाणे, काकूंच्या हातचा दूधकाला. त्याला माणसाचं सगळं आवडायचं. झाडावर मात्र चढायचा नाही. चिंचेच्या पहिल्या फांदीवर गेला की थरथरायचा आणि खाली उडी मारून गुरुजींच्या धोतरात शिरायचा. वानर आणि झाडाला भ्यायचा! आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. आता त्या हसण्याचीही मला चीड येते.

दीड-दोन वर्षांत दात आले ते असे की बघावं. चुलीपासून भाकरी पळवू लागला. अडवलं तर दात दाखवू लागला. मग एक दिवस भगवंतरावांची नात गुळाचा खडा घेऊन दारात उभी होती, हा खांद्यावर चढला, तिनं खडा सोडला नाही, यानं तिचा दंड फोडला. चिखलीच्या दवाखान्यात नेऊन टाके घालावे लागले.

पारावर बैठक बसली. गुरुजींना मध्ये बसवलं. भगवंतराव वाईट माणूस नव्हता, पण नातीचा दंड पाहून आलेला होता. म्हणाला, "गुरुजी, आमी देव मानतो वांदराले. पन देव देवळात पायजे. साखळी बांधा, नाई तं चिखलीच्या बजारात मदारी येते, त्याले देऊन टाका."

"साखळी नाई. मदारी नाई," गुरुजी म्हणाले.

"मंग रानात सोडा."

"सोडीन. पन शिकवून सोडीन. तसं सोडलं तं मारून टाकल्यासारखंच हाये."

"वांदराले काय शिकवता गुरुजी? ते जात्याच शिकून येते."

"मले नोको शिकवू भगवंता," गुरुजी म्हणाले. पण त्या दिवशी आवाज नेहमीसारखा चढला नव्हता. गावानं उन्हाळ्याच्या सुटीपुरती मुदत दिली.

गावापासून तासाभराच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी नाल्यावर जुनी आमराई होती. तिथं वानरांचा कळप असायचा. सुटी लागल्यापासून गुरुजी रोज सकाळी गोंद्याला घेऊन तिकडं जायचे आणि दिवस मावळता परत. मी माहेरी जाणार होते, ते राहूनच गेलं. खरं सांगायचं तर मला बघायचं होतं हा माणूस काय करतो ते.

जे केलं ते असं. भाकरी बंद. गुरुजी उंबराखाली मांडी घालून बसायचे, कोवळा पाला तोडायचे आणि गोंद्याच्या पुढ्यात स्वतः चावून खायचे. उंबराचा पाला, पिंपळाचा, चिंचेचा, बोरीचा. "पाय बे, पाय, कसं खातो मी. गोड हाये!" असं म्हणताना तोंड असं व्हायचं की गोंद्यानं पळून जावं. गोंद्या त्यांच्या तोंडात बोट घालून पाला काढून बघायचा, हुंगायचा आणि फेकून द्यायचा. गुरुजी पुन्हा नवा तोडायचे. चार दिवसांनी त्यांचं पोट असं बिघडलं की काकूंनी माझ्यासमोर सुनावलं, "वांदर तं मानूस झालं नाई, मानूस मात्र वांदर झाला!" दुसऱ्या दिवशी गुरुजी ताक पिऊन परत उंबराखाली.

मग झाड. पन्नाशी उलटलेला हा माणूस धोतर खोचून आंब्यावर चढायचा. आधी हातभर उंच फांदीवर बसायचे, गोंद्या शेजारी. उद्या त्याच्या वरच्या. परवा त्याच्या वरच्या. मला धुरपतीची पट्टी आठवली. मी खाली उभी राहून ओरडले, "गुरुजी, पडाल! पेन्शन कोण घेईल?" वरून उत्तर आलं, "तुमी घ्या अन् फुटाने खा!"

आणि गोंद्या शिकला. एक दिवस भुकेनं म्हणा, कंटाळून म्हणा, त्यानं उंबराचं पान तोडून तोंडात घातलं आणि गिळलं. गुरुजींनी मला हातानं खूण केली, हलू नका. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ते पुसायलाही ते हलले नाहीत. पुढं तो फांदीवरून फांदीवर जायला लागला. आधी चुकायचा, लोंबकळायचा, मग नेम बसला. शेवटी शेवटी उडी अशी मारायचा की आमचा श्वास अडकावा.

कळप लांबून बघत असे. त्यांचा हुप्प्या, म्हणजे कळपाचा नर, गोंद्या जवळ गेला की दात काढून धावून यायचा. गोंद्या गुरुजींकडे पळायचा. गुरुजी त्याला उचलायचे नाहीत. दगडासारखे बसून राहायचे. गोंद्या पाय धरून किंचाळायचा, तरी हात लावायचे नाहीत. मी म्हटलं, "घ्या हो त्याला, किती घाबरलाय." म्हणाले, "आज घेतला तं रोज घ्या लागन." असं बोलले आणि मान वळवून नाल्याकडे बघत बसले.

मग एका सकाळी ते धावत माझ्या दारात आले. धावत! मला वाटलं गावात कुणी गेलं. "बाई, आज एका वांदरीनं त्याच्या डोक्यातल्या उवा पाह्यल्या! गोदीत बसवलं वं त्याले! हुप्प्या समोर होता, काही नाई बोलला!" असा आनंद त्यांच्या मुलींच्या लग्नातही कुणी पाहिला नसेल. त्यांनी गल्लीतल्या एकूण एक पोराला हाक मारून फुटाणे वाटले.

सोडायच्या दिवशी काकूही आल्या. त्यांनी नवा करगोटा वळून आणला होता, चांगला पीळदार, पक्का. जुना गोंद्याच्या कमरेला काचायला लागला होता. गुरुजींनी जुना सोडला आणि नवा बांधला. बांधताना दोन बोटं घालून बघितली, मग आणखी ढिला केला, मग आणखी. काकू म्हणाल्या, "लोंबते ना तो." गुरुजी म्हणाले, "लोंबू दे. वाढतं आंग हाये त्याचं. रानात कोन ढिला करून देईन त्याले?"

मी तिथंच उभी होते. मला ते बरोबरच वाटलं. कुणालाही वाटलं असतं. आमच्याकडे पोराच्या कमरेचा करगोटा त्याचं सरण रचेपर्यंत निघत नाही. जित्या लेकराच्या कमरेला करगोटा नाही, हे कुणाच्या मनातच येत नाही. गुरुजींनी तेवढी एकच गोष्ट विचार न करता केली. बाकी प्रत्येक पान त्यांनी आधी स्वतः चावून पाहिलं होतं.

त्यानंतर गुरुजी आमराईत जायचे ते नाल्याच्या अलीकडेच थांबायचे, झुडपाआड. गोंद्याला दिसू नये म्हणून. परत आले की मी विचारायची, "काय म्हणतो?" "हाये. खाऊन राह्यला पाला. मले पाह्यलं नाई त्यानं." त्यानं पाहिलं नाही याचा त्यांना आनंदही होता आणि ते आतून तुटतही होते, हे आंधळ्यालाही कळलं असतं. शाळा सुरू झाली. हजेरीत पोरं सवयीनं "गोंद्या हाजर!" ओरडली तेव्हा गुरुजी म्हणाले, "त्याची बदली झाली." 

श्रावण सरला असेल. दुपारची सुटी झाली होती. सखाराम गुराखी शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात. "गुरुजी," म्हणाला, "तुमचा गोंद्या झाडाले लटकून हाये."

गुरुजी तसेच निघाले, पायात वहाणा नाहीत. मी मागे, सखाराम पुढे.

नाल्याच्या दोन्ही काठांवर दोन आंबे होते, मध्ये चांगलं अंतर. पलीकडच्या आंब्याची एक फांदी वादळात मोडली होती आणि तिचा वाळलेला खुंट पुढे आलेला होता. गोंद्या त्या खुंटाला कमरेतून लटकला होता, डोकं खाली, शेपूट खाली. करगोटा खुंटात अडकला होता. सखाराम सांगत होता, त्यानं परवा लांबून पाहिलं होतं, कळप उड्या मारत नाला ओलांडत होता, तेव्हा काहीतरी अडकलं. वांदरी दिवसभर भोवती बसून ओरडत होत्या. त्याला वाटलं, सुटेल. काल पाऊस झाला, तो गुरं घेऊन इकडं आला नाही. आज आला तर कळप निघून गेलेला. खुंटाभोवतीची साल ओरबाडून निघाली होती. नखं लागतील तिथवर सगळी. करगोटा पक्का होता, काकूंनी वळलेला. तो तुटला नाही.

मी खालीच बसले. मला रडू आवरेना. गुरुजी मान वर करून बघत होते. इकडच्या आंब्याकडे, मग तिकडच्या. मग म्हणाले, "उडी बरोबर मारली होती त्यानं."

सखारामानं कोयता काढला तर गुरुजींनी त्याच्या हातातून घेतला. स्वतः चढले. करगोटा कापला आणि गोंद्याला एका हातानं छातीशी धरून उतरले. त्या वयात, ओल्या झाडावरून, एका हातानं. कोटाच्या आत घालायला गेले, पण तो आता मावत नव्हता.

त्यांना तिथंच पुरायचा होता. पण सखारामामागून गाव आलाच. आणि आला तो टाळ-मृदंग घेऊन. भगवंतरावांनी गुरुजींचे पाय धरले, "मारोतीराया आपल्या गावात लहानाचा मोठा झाला गुरुजी, असा कसा पुरता?" ज्यांनी पारावर बसून याला मदाऱ्याला द्या म्हटलं होतं, त्यांनीच तिरडी बांधली. गुलाल उधळला. तेराव्या दिवशी गावजेवण घातलं, बुंदी आणि पुरी, आजूबाजूच्या खेड्यांतून लोक आले. गुरुजींना पहिल्या पंगतीत मानानं बसवलं. त्यांनी पानाकडे पाहिलं आणि उठून निघून गेले. मी वाढत होते. हातातली बुंदीची परात खाली ठेवली आणि मीही निघून आले. संताप संताप झाला होता माझा.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण गावानं आमराईच्या तोंडाशी, जिथून फाट्याची सडक जाते, तिथं ओटा बांधला. शेंदूर फासला. दर शनिवारी लोक केळी, चणे, भाकरी घेऊन येऊ लागले. कळप डोंगर सोडून ओट्यापाशी बसू लागला. पिल्लं माणसांच्या हातातून खायला शिकली, धोतरं ओढायला शिकली. सडकेवर ट्रकखाली एक वानरीण सापडली. एक तारेवर गेली. तिलाही तिरडी, गुलाल. लोकांना त्यात काही वावगं दिसेना.

त्याच सुमाराला गुरुजींनी गोफण हातात घेतली. शनिवारी शाळा सुटली की ओट्यावर जायचे आणि वानरांना दगड मारायचे. भिववायला नव्हे, लागतील असे. भक्त मंडळी केळी देताहेत आणि हे शिव्या देत दगड भिरकावताहेत. गावात हलकल्लोळ झाला. भगवंतरावांनी समजावलं, भावानं हात जोडले, पोरं "येडे गुरुजी" म्हणू लागली. काकू माझ्याकडे येऊन बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांना बोलायला शब्द सापडेनात. "ते जेवतबी नाई नीट," एवढंच म्हणाल्या.

मी विचारलं त्यांना. मला भीती कसली? म्हटलं, "गुरुजी, ज्या वांदरीनं त्याच्या डोक्यातल्या उवा पाहिल्या, तिलाच दगड मारताय. तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटते," ते म्हणाले. "रोज वाटते." मग बराच वेळ छडीनं जमीन उकरत राहिले. "बाई, मी त्याले पाला खाले शिकवला, झाडावर चढाले शिकवलं. अन् कंबरेले माया बांधून धाडला. त्याच मायेनं लटकवला त्याले. आता ह्या बाकीच्याले मी एवढंच शिकवून राह्यलो, मानूस वाईट असते. दुसरं मले काही येत नाई."



पुढे माझी बदली लोणारकडे झाली. गुरुजी तोवर निवृत्त झाले होते. निघायचा दिवस शनिवार होता. भेटायला गेले तर काकू म्हणाल्या, ओट्याकडे गेलेत. मी फाट्यावर मोटारीत बसले आणि मोटार सडकेनं आमराईपाशी आली, तिथं भक्तांच्या बैलगाड्या आडव्या होत्या, म्हणून थांबली.

गुरुजी ओट्यापासून थोडे दूर उभे होते. खूप वाळले होते, कोट अंगावर ढगळ झाला होता. गोफण फिरत होती, आवाज तोच, सगळ्या आमराईत घुमणारा. एका बाईच्या हातातल्या केळ्याभोवती वानर जमले होते. पहिला दगड पडला, तसे सगळे झाडांवर पळाले. एक पिल्लू तेवढं राहिलं. ते कुणाला भ्यालेलं नव्हतं. तुरुतुरु गुरुजींकडेच आलं आणि त्यांचं धोतर धरून त्यानं हात वर केला.

मोटारीत कुणीतरी हसलं. गुरुजी खाली बघत होते. त्यांनी पाय झटकला, पिल्लू बाजूला पडलं आणि परत आलं. "भे ना बे!" गुरुजी ओरडले. "भे ना मले!" पिल्लू तिसऱ्यांदा आलं. तेव्हा त्यांनी गोफण टाकून दिली, वाकून हातानं दगड उचलला आणि जवळून मारला. पिल्लू किंचाळत आंब्यावर गेलं, पार वर, शेंड्यापर्यंत. बाई शिव्याशाप देत होती, माणसं अंगावर धावून जात होती. गुरुजी कुणाकडे न बघता शेंड्याकडे बघत होते, पिल्लू खाली उतरत नाही ना ते. ते उतरलं नाही. मग गुरुजी तिथंच मातीत बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मोटार सुरू झाली.